स्वसंरक्षणाचा झटका

२०२५ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. मृगाचा पहिला जोराचा पाऊस आला की आमच्या भागातली वीज जायचीच, हा वर्षानुवर्षांचा नेम. त्या रात्रीही ती साडेनऊच्या सुमाराला गेली. मी गॅलरीत खुर्ची ओढून पाऊस पाहत बसलो होतो. पत्नीने चाचपडत बाहेरच्या खोलीतल्या कपाटाचा खण उघडला आणि हाताला लागलेला टॉर्च बाहेर काढला. खटका पुढे सरकवला, पण उजेड पडला नाही. काच पुसावी म्हणून तिने टॉर्चच्या तोंडावर डावा तळहात ठेवला आणि बाजूचे बटण दाबून पाहिले. तडतड असा आवाज झाला, पाठोपाठ किंकाळी, आणि मग काहीतरी जड कोसळल्याचा आवाज. मोबाइलच्या उजेडात आत धावलो, तर टीपॉय आडवा आणि ही जमिनीवर. मनगटाचे हाड मोडले होते. सहा आठवडे प्लॅस्टर.

तो टॉर्च म्हणजे टॉर्चच्या आकाराची स्टनगन होती, आणि ती घरात आणणारा मीच होतो.

ती आणली होती धाकट्या मुलीसाठी. ती एका संगणक कंपनीत काम करते. आठवड्यातले तीन दिवस तिची पाळी रात्री साडेदहाला संपते आणि तिथून ती स्कूटरने घरी येते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयात कामावर असलेल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. त्यानंतरचे काही आठवडे देशातल्या असंख्य बापांसारखी माझीही झोप उडाली होती. त्याच भरात मी बाजारात गेलो. खेळणी, बॅटऱ्या आणि मोबाइलची कव्हरे विकणाऱ्या एका टपरीवर ती वस्तू मिळाली. ‘काका, लायसन बिसन काय लागत नाय,’ असे विक्रेत्याने आपण होऊनच सांगितले. खोक्यावर मोठ्या अक्षरात आकडा होता : पस्तीस लाख व्होल्ट. तो वाचून मला सुरक्षित वाटले. मुलीने मात्र ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, ‘बाबा, मला पर्समधून स्कूटरची किल्ली काढायला अर्धा मिनिट लागतो. हे कधी काढणार?’ आणि वस्तू खणात गेली. तिथे ती नऊ-दहा महिने पडून होती, घरातल्याच माणसाची वाट पाहत.

मी आयुष्याची बत्तीस वर्षे बँकेत काढली. त्यातली बरीचशी कर्ज खात्यात. तारण म्हणून दाखवलेल्या मालाची किंमत कर्जदार सांगेल ती धरायची नाही, माल उघडून पाहायचा, हे तिथले पहिले शिक्षण. पण स्वतःच्या मुलीसाठी वस्तू घेताना मी खोक्यावरच्या आकड्यापलीकडे काही वाचले नव्हते. पत्नीचा हात गळ्यात अडकवलेला पाहिला तेव्हा कुठे तो माल उघडून पाहायची बुद्धी झाली. त्यातून जे हाती लागले ते आज सांगतो आहे, कारण ही वस्तू दिवाळीची भेट, राखीची ओवाळणी म्हणून घरोघरी पोचू लागली आहे.

व्होल्टचा हिशेब

स्टनगनच्या पोटात फार गूढ काही नसते. डास मारायची बॅट सगळ्यांच्याच घरी असते; तिचीच ही थोरली बहीण. छोट्या बॅटरीतला कमी दाबाचा प्रवाह घ्यायचा, इलेक्ट्रॉनिक मंडलाने त्याचा दाब वाढवायचा, साठवायचा आणि लहान लहान ठोक्यांनी दोन धातूंच्या टोकांमध्ये सोडायचा. गॅस पेटवायच्या लायटरची ठिणगीसुद्धा काही हजार व्होल्टचीच असते. म्हणून काही ती जीव घेत नाही. माणसाला होणारी इजा नुसत्या व्होल्टवर ठरत नाही. प्रवाह किती, तो किती वेळ वाहिला आणि शरीरातून कोणत्या वाटेने गेला, यावर ती ठरते.

आता खोक्यावरच्या पस्तीस लाखांकडे या. कोरड्या हवेत एक सेंटिमीटर अंतर ओलांडायला विजेला साधारण तीस हजार व्होल्ट लागतात. माझ्या त्या वस्तूच्या दोन टोकांमधले अंतर मी फूटपट्टीने मोजले : दोन सेंटिमीटर. म्हणजे फार तर साठ हजार व्होल्टला ठिणगी पडून मोकळी होणार. दाब त्याच्यावर चढायला जागाच नाही. खरोखर पस्तीस लाख व्होल्ट असते तर ठिणगी मीटरभराहून लांब पडली असती! ताळेबंदात इतकी फुगवलेली रक्कम दाखवणाऱ्याला आम्ही दारातूनच परत पाठवला असता. इथे मी रोख पैसे मोजून आलो होतो.

याच्या तुलनेत अमेरिकेतले पोलीस वापरतात ते टेसर पाहा. अंतराळ संशोधनात काम केलेल्या जॅक कव्हर यांनी ते १९७०च्या दशकात तयार केले. त्याच्या एक्स-२६ या मॉडेलचा हवेतला दाब पन्नास हजार व्होल्ट असला, तरी अंगात शिरताना तो सुमारे बाराशेच असतो. सेकंदाला एकोणीस ठोके, आणि एकदा घोडा दाबला की पाच सेकंद. टेसर दाबाखालच्या वायूने तारा बांधलेल्या दोन सुया दूरवर फेकते. नागरिकांसाठीच्या मॉडेलात हे अंतर साधारण पंधरा फूट असते. दोन सुया अंगावर एकमेकींपासून जितक्या दूर रुततील तितके जास्त स्नायू आखडतात आणि माणूस लाकडासारखा पडतो. निदान फूटभर अंतर हवे, असे पोलिसांना शिकवतात. बाजारातल्या स्टनगनला सुया नसतात. तिची टोके दोन-तीन सेंटिमीटरवर. ती अंगाला टेकवावीच लागते, आणि टेकवली तरी मुख्यतः तेवढ्या जागेपुरती वेदना देते. सिनेमात नायिका टेकवते आणि खलनायक क्षणात बेशुद्ध पडतो, तसे घडत नाही. ती काही सेकंद दाबून धरावी लागते. जाड जीन्स, स्वेटर किंवा चामड्याचे जाकीट मध्ये आले तर परिणाम आणखी घटतो.

हाताच्या अंतरावर

वापरणाऱ्याला असलेला पहिला धोका इथेच सुरू होतो, आणि तो विजेचा नाही, अंतराचा आहे. ज्याच्यापासून पळायचे, त्याच्याच हाताच्या टप्प्यात हे साधन तुम्हाला नेते. त्याने मनगट धरले, पिरगाळले, की तीच वस्तू त्याच्या हातात. काही बऱ्या मॉडेलांना मनगटात अडकवायची दोरी असते आणि तिच्या टोकाला एक पिन. वस्तू हिसकावली की पिन निघते आणि यंत्र बंद पडते. माझ्या वस्तूला दोरी होती, पिन नव्हती. म्हणजे ती दोरी नुसती शोभेची.

‘त्यानं मला धरलं असताना मी त्याला झटका दिला तर तो मलाही बसेल का?’ हा प्रश्न मुलीनेच विचारला होता. बहुतेक वेळा बसत नाही. वीज एका टोकातून निघून जवळच्या दुसऱ्या टोकाकडे जाते. ती त्याचे अंग ओलांडून तुमच्याकडे येण्याचे कारण नसते. पण झटापटीत टोके त्याच्याऐवजी आपल्याच मांडीला किंवा पोटाला टेकली तर? वेष्टनाला तडा गेलेला असेल, हात घामाने किंवा पावसाने निथळत असेल तर? आपल्याकडे चार महिने पाऊस असतो आणि उरलेल्यांतले चार घामाचे, हे विसरून चालत नाही. २०१३ मध्ये चेन्नईतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हल्लेखोराला झटका देणारे अंतर्वस्त्र तयार केले होते. त्यांनीसुद्धा आतल्या बाजूने वीजरोधक अस्तर लावले होते. म्हणजे झटका दुसऱ्याला देण्याआधी तो आपल्याला बसणार नाही याची सोय त्यांना करावी लागली.

दुसरा धोका घाबरलेल्या हाताचा. मिनेसोटा राज्यात एप्रिल २०२१ मध्ये छव्वीस वर्षे नोकरी झालेल्या किम पॉटर या पोलीस अधिकाऱ्याने ‘टेसर, टेसर’ असे ओरडत प्रत्यक्षात पिस्तूल झाडले आणि वीस वर्षांच्या तरुणाचा बळी गेला. तिला शिक्षाही झाली. दरवर्षी प्रशिक्षण घेणाऱ्या माणसाची ही कथा, तर खणातून प्रथमच वस्तू काढणाऱ्याची काय सांगावी? आमच्या शाखेत रोखपालाच्या टेबलाखाली पायाने दाबायचा धोक्याचा खटका होता. एकदा लुटीची तालीम घेतली. चार वर्षे ज्या टेबलाखाली पाय सोडून तो बसत होता, तिथला खटका रोखपालाला सापडेना. बिचारा पायाने फरशी ठोकत राहिला. समोर नकली दरोडेखोर म्हणून आमचाच शिपाई उभा होता, तरीही! तेव्हापासून तालीम दर तिमाहीला होऊ लागली. अंगवळणी न पडलेले साधन संकटात आठवत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो होतो आणि टपरीवर विसरलो होतो.

घरातले धोके

सगळ्यात मोठी गंमत म्हणा, किंवा भीती म्हणा, ती चार्जिंगची. अनेक स्वस्त वस्तूंना मागे दुमडणारी पिन असते, ती थेट भिंतीतल्या सॉकेटात घालायची. आतल्या मंडलात पुरेसे विलगीकरण नसेल, तर चार्जिंग चालू असताना भिंतीतली वीज त्या धातूच्या टोकांपर्यंत पोचू शकते. खोक्यावरचे लाखो व्होल्ट जे करत नाहीत, ते भिंतीतले दोनशे तीस करू शकतात. म्हणून चार्जिंगला लावलेली वस्तू हातात धरू नये, तिचे बटण दाबून पाहू नये, ओल्या हाताने ती काढू नये. बटण सोडल्यावरही आत काही विद्युतभार उरलेला असू शकतो; डासांच्या बॅटने ज्याला एकदा हिसका दिला आहे त्याला हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट ठिणगीची. ठिणगी म्हणजे विस्तव. स्वयंपाकघरात सिलिंडरजवळ, पेट्रोल भरताना, स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावलेल्या हाताने हे यंत्र चालवणे म्हणजे आगीला आमंत्रण. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किल गावी २०२१ मध्ये पोलीस ठाण्यातच एका माणसाने अंगावर सॅनिटायझर ओतून घेतले होते. पोलिसांनी टेसर चालवताच तो पेटला आणि पुढे दगावला. मिरचीचा फवारा आणि स्टनगन दोन्ही बाळगणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. काही फवाऱ्यांत ज्वलनशील द्रव असतो.

तिसरी, गंमत म्हणून स्वतःवर किंवा मित्रावर चालवून पाहणे. तरुण मुलांमध्ये याचे व्हिडिओ काढायची टूम आहे. अमेरिकेतल्या एका पोलीस अधिकाऱ्याने प्रशिक्षणात टेसरचा झटका स्वतःवर घेतला, तेव्हा आखडलेल्या स्नायूंच्या जोरानेच त्याच्या पाठीचे मणके दबून मोडले. ही केस २००७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. हृदयविकार असलेली, पेसमेकर बसवलेली माणसे, गरोदर स्त्रिया, लहान मुले यांच्या आसपास तर हा खेळ नकोच. आणि झटका सौम्य असला तरी पडणे सौम्य नसते. हिची तपासणी करणारे डॉक्टर म्हणाले, ‘विजेनं यांना काही केलेलं नाही. पडण्यानं केलंय.’ जिन्यात, दुचाकीवर, पाण्यात, कठड्याशी घडले असते तर मनगटावर निभावले नसते.

आणि चौथी, दिसण्याची. शस्त्र टॉर्चसारखे, लिपस्टिकसारखे, मोबाइलसारखे दिसते ही विक्रीची मोठी खुबी मानतात. ज्या घरात नातवंडे आहेत तिथे हीच खुबी घात करते. बाळगायचेच असेल तर कुलपात ठेवा, घरातल्या प्रत्येकाला ते काय आहे हे दाखवा आणि खऱ्या टॉर्चशेजारी तर मुळीच ठेवू नका.

कायदा काय म्हणतो

स्वतःचा आणि दुसऱ्याचाही जीव वाचवण्यासाठी बळ वापरण्याचा हक्क कायद्याने आपल्याला दिला आहे. पूर्वी तो भारतीय दंडविधानाच्या ९६ ते १०६ या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. त्यातली मर्यादा मात्र तीच राहिली : बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि धोक्याची भीती संपली की हक्कही संपतो. हल्लेखोर खाली पडला, मागे वळला, पळाला की तिथे थांबायचे. त्यानंतरचा झटका बचावात मोजला जाणार नाही. मे २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयासमोर मिरचीच्या फवाऱ्याचे एक प्रकरण आले होते. जिवाला तातडीचा धोका नसताना तो वापरला, असे म्हणत न्यायालयाने फवारा मारणाऱ्यांविरुद्धचा खटला रद्द करायला नकार दिला.

टपरीवाल्याचे ‘लायसन लागत नाय’ हे काही कायद्याचे मत नव्हे. शस्त्र कायदा १९५९चा आहे, त्याखालचे नियम २०१६चे. वस्तू घेण्याआधी पोलीस ठाण्यात जाऊन विचारावे, आणि उत्तर लेखी मिळाले तर उत्तमच. पार्सल घरपोच आले म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. विमानाच्या केबिनमध्ये ही वस्तू नेता येत नाही. ज्यांची मुले इंग्लंडात शिकायला जातात त्यांनी तर लोणच्याच्या बरणीशेजारी ही भेट भरून देऊच नये. तिथल्या १९६८च्या कायद्याने स्टनगन जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे.

अमेरिकेत उलटेही घडले. मॅसॅच्युसेट्समधल्या एका स्त्रीला पूर्वीचा जोडीदार सतत त्रास देत असे. एके रात्री तो वाटेत आडवा आला तेव्हा तिने स्टनगन नुसती दाखवली आणि तो निघून गेला. पुढे पोलिसांना ती वस्तू तिच्याजवळ सापडली आणि तिलाच दोषी ठरवण्यात आले. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. मला या कथेतली लक्षात राहिली ती वेगळीच बाब. ती वाचली ती झटका देऊन नाही. तो दूर असतानाच थांबला म्हणून वाचली.

बँकेत दरोड्याच्या वेळी काय करायचे याचे परिपत्रक होते. त्याचा मथितार्थ असा, की रोकड विम्याची आहे, माणूस विम्याने परत येत नाही. अंगावर जाऊ नका, जमेल तेव्हा खटका दाबा, बाहेर पडा. स्टनगन वापरणाऱ्यालाही याहून वेगळे सांगण्यासारखे नाही. तिचे काम हल्लेखोराला धडा शिकवणे हे नाही. त्याची पकड क्षणभर सैल करणे आणि आपल्याला पाच पावलांची आघाडी मिळवून देणे, एवढेच तिचे काम. पकड सुटली की पळायचे, ओरडायचे, उजेडाकडे आणि माणसांकडे जायचे, ११२ हा क्रमांक फिरवायचा. नुसती पर्स मागत असेल तर ती देऊन टाकायची.

पण एवढे सगळे मांडल्यावरही माझे मन एका आकड्यापाशी अडते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे एकच गोष्ट दिसते : बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचे असतात. नातेवाईक, शेजारी, मित्र, कामावरचे लोक. २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या तरुणीचा घात झाला तो कंपनीनेच नेमलेल्या गाडीच्या चालकाकडून. कोलकात्यातली डॉक्टर रस्त्यावर नव्हती, आपल्या कामाच्या जागी होती. आपण मात्र वस्तू विकत घेतो ती अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसाला डोळ्यांपुढे ठेवून. ओळखीच्या माणसासमोर हात पर्समध्ये जात नाही. गेला तरी फार उशिरा जातो.

मग हे साधन निरुपयोगी का? तसे मी म्हणणार नाही. एकटीने राहणारी, माग काढणाऱ्याने हैराण केलेली एखादी स्त्री पूर्ण माहितीनिशी, सराव करून, कायदा विचारून ते बाळगत असेल तर तिला शहाणपण शिकवणारा मी कोण? माझा आक्षेप माझ्यासारख्या बापांवर आहे. आपली काळजी खोक्यात भरून आपण मुलीच्या पर्समध्ये टाकतो आणि रात्री निवांत झोपतो. आता काही झाले तर जबाबदारी तिच्या हाताची, तिच्या चपळाईची.

प्लॅस्टर निघाल्यावर एके रात्री मुलीला विचारले, ‘तुला खरंच काय हवं होतं?’ ती म्हणाली, ‘तुम्हाला सांगितलं होतं की, बाबा. त्या नाल्याच्या वळणावरचा दिवा बंद आहे. तेवढा लावून द्या म्हटलं होतं.’ तिने खरोखर सांगितले होते. मी ऐकून ‘बघू’ म्हटले होते, आणि टॉर्चसारखी दिसणारी वस्तू घेऊन आलो होतो.

संबंधित कार्यालयात चार अर्ज केले. पाचव्या वेळी आमच्या इमारतीतली अकरा माणसे बरोबर नेली, त्यांत हातावर अजून पट्टा असलेली पत्नीही होती. बारा दिवसांनी दिवा लागला. वळणावरच्या औषधाच्या दुकानदाराशी बोललो. मुलीचे कामाचे तीन दिवस त्याला ठाऊक आहेत. निघताना ती फोन करते. तिच्या कंपनीतल्या मुलींनीही मिळून अर्ज केला आहे, की रात्रीच्या गाड्यांच्या चालकांची पडताळणी झाल्याची नोंद त्यांना पाहायला मिळावी. त्याचे उत्तर यायचे आहे.

स्टनगन आम्ही फेकली नाही. आत लिथियमची बॅटरी, ती कचऱ्यात जाऊन पेटायची. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर स्वतः नेऊन दिली. कपाटाच्या खणात आता साधा, दोन सेलचा टॉर्च आहे. तो पत्नीने स्वतः दुकानात पेटवून, पारखून आणला आहे. ‘अहो, तुम्ही नका आता काही आणू,’ एवढेच ती म्हणाली.